मधलं ठिगळ

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा प्रत्येकानं आपापल्या परीनं मला पारखून घेतलं. सासूबाईंनी भाकरी थापायला बसवलं. चुलत सासवांनी केसांची लांबी बघितली. तात्यांनी पदर बघितला. मी नमस्काराला वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, या गृहस्थांनी माझ्या पदराचं टोक उचलून उजेडाकडं धरलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "सुती हाय. झ्याक हाय. नेस, चांगली रगडून नेस. फाटली की मला दे."

मी वाईची. आमच्याकडं नव्या नवरीला असं काही म्हणत नाहीत. निदान तोंडावर तरी नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मी घाबरून आमच्या ह्यांच्याकडं बघितलं, तर हे कानाशी कुजबुजले, "हो म्हण. ते सगळ्यांनाच विचारतात."

तात्या म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले आणि बिनलग्नाचे. आमचं गाव पलूसच्या अलीकडं, चारी बाजूंनी ऊस. गावात फौजेतून परतलेली माणसं काही कमी नव्हती. ती सकाळी चौकात बसून सरहद्दीच्या गोष्टी सांगत. तात्या ओसरीवर पाय पसरून वाकळ शिवत. वाकळ म्हणजे गोधडी. हे शिवणकाम ते फौजेतच शिकले. तिथं प्रत्येक शिपायाला सुई, दोरा आणि बटणं ठेवायची एक छोटी थैली मिळते, तिला म्हणे 'हाउसवाइफ' म्हणतात. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा आईनं लग्नाचा विषय काढला. तात्या सहज म्हणून गेले, "आई, हाउसवाइफ हाय माझ्याकडं. ट्रंकेत हाय." शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावानं आईला या शब्दाचा अर्थ सांगितला, आणि माउली अंगणात बसून रडायला लागली. पोरानं परस्पर लग्न केलं ते केलं, वर बायकोला ट्रंकेत घालून आणलं! नंतर तिला ती थैली दाखवली, पण तोवर गावात बातमी फिरली होती, आणि पुढं तात्यांना कुणी मुलगी दाखवलीच नाही.

वाकळा शिवणं हे बायकांचं काम. त्यामुळं रस्त्यानं जाणारे-येणारे त्यांना डिवचत. एकदा पलीकडच्या आळीतला एक पैलवान ओरडला, "आवं हवालदार, बांगड्या धाडू का तुमास्नी?"

तात्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "धाड की. पर जुन्या लुगड्यात गुंडाळून धाड."

लुगडं खरंच आलं. पैलवानाच्या आईनं दिलं. तिलाच वाकळ हवी होती.

त्यांचा पहिला नियम म्हणजे कापड वापरलेलंच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका शिंप्यानं प्रेमानं दुकानातल्या कातरणीचं पोतं भरून पाठवलं होतं. रंगीबेरंगी, कोरं कापड. तात्यांनी पोत्यात हात घालून एक मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली आणि पोतं परत पाठवलं. "ह्यात माणूसच न्हाई," म्हणाले.

दुसरा नियम ठिगळं कुठं बसवायची याचा. ज्यांचं पटत नाही, त्यांची ठिगळं शेजारी शेजारी. सासूबाईंचं आणि त्यांच्या मधल्या जावेचं एका विहिरीच्या पाण्यावरून कायमचं बिनसलेलं. तात्यांनी दोघींच्या साड्यांचे चौकोन काठाला काठ लावून शिवले, आणि शिवणीला दुहेरी दोरा घातला. सासूबाईंनी ती वाकळ पांघरताना आयुष्यभर फिरवून घेतली, जावेची बाजू पायाकडं जाईल अशी. तिकडं त्या जाऊबाईही तेच करत असणार, कारण तिच्यासाठी शिवलेल्या वाकळेतही तात्यांनी दोघींना असंच चिकटवून ठेवलं होतं.

सकाळी वाकळ घडी करताना ते हजेरी घेत. ओसरीवर वाकळ पसरायची, एकेका ठिगळावर बोट ठेवायचं आणि त्याच्या मालकाला हाक मारायची. माणूस घरात असेल तर त्यानं 'हजर' म्हणायचं. मी माहेरी गेलेली असले की सासूबाई चुलीपुढून ओरडत, "रजेवर हाय!" पहिल्या वर्षी मला या सगळ्याची लाज वाटायची. माझ्या पहिल्या फाटक्या साडीचा चौकोन वाकळेत बसला आणि हजेरीत माझं नाव आलं, त्या दिवशी मी पोळी तव्यावर टाकून बाहेर धावले. पोळी जळली. ती जळायला तसं हजेरीचं निमित्त लागत नाही, माझ्या पोळ्या एरवीही जळतात.

तर अशा माणसानं एकदा एक शर्ट कापला.

शर्ट माझ्या धाकट्या दिरांचा. आकाशी रंगाचा, कॉलर विरलेला, त्यांच्या खोलीत दाराआडच्या खिळ्याला टांगलेला. कुणालाही वाटलं असतं की बाद झालाय. तात्यांनी तो काढला, धुतला, कातरला आणि चौकोन करून ओळीनं मांडले. तेवढ्यात भाऊजी घरात शिरले.

त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. मुलगी बघायला गेले तेव्हा हाच शर्ट त्यांच्या अंगावर होता, आणि मुलीनं त्या दिवशी पहिलं जे वाक्य उच्चारलं ते होतं, 'शर्ट छान आहे.' पुढचं सगळं वर्ष भाऊजी त्या एका वाक्यावर जगत होते. आता ते वाक्य ओसरीवर चौकोन होऊन पडलं होतं.

भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांची सांगलीला बदली तशीही होणार होती, पण ते आठवड्याच्या आत बिऱ्हाड हलवून निघाले, आणि निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "ह्या घराला ह्यापुढं माझी चिंधी मिळणार न्हाई."

तात्यांनी माफी मागितली नाही. त्यांना ती मागता येत नसे. त्यांनी काय केलं, तर ते सगळे चौकोन पुन्हा जोडून शर्ट करायला घेतला. चार दिवस ओसरीवर तेच चाललं होतं. शर्ट झालाही, पण एक बाही पाठीतून निघाली होती आणि खिसा काखेत गेला होता. आमचे हे तो घेऊन सांगलीला गेले आणि तसाच घेऊन परत आले.

त्या दिवशी तात्यांनी तिसरा नियम केला: कापड मालकानं आपल्या हातानं दिलेलं पाहिजे. आणि हातात होती ती वाकळ थांबवली. कडेनं शिवत शिवत ते आत आले होते. वाकळ अशीच शिवतात, काठापासून सुरुवात आणि मधे शेवट. घरातल्या सगळ्यांची ठिगळं लागली होती, फक्त मधला चौकोन मोकळा होता. तो भाऊजींचा. ते सगळ्यांत धाकटे, लहानपणी दोन भावंडांच्या मधे झोपायचे आणि रात्रभर दोन्हीकडं लाथा झाडायचे, म्हणून त्यांची जागा मधे. तात्यांनी वाकळेची घडी केली, तो बिचारा शर्ट तिच्यात ठेवला आणि फौजेच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. नंतर त्यांनी दुसऱ्यांच्या वाकळा शिवल्या, पण ही कधी बाहेर काढली नाही. भाऊजी लग्नाकार्याला येत, तात्यांच्या पाया पडत आणि लगेच दुसऱ्या खोलीत जात.

मग एका उन्हाळ्यात तात्यांच्या छातीत कळ आली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, चित्र दाखवलं आणि सांगितलं, बायपास करावं लागेल, आणि उशीर चालणार नाही. घरी येताना तात्या गाडीच्या खिडकीतून ऊस बघत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, "करू की. पर वाकळ पुरी झाल्यावर."

हे म्हणाले, "कुठली वाकळ?" ट्रंकेतली ती वाकळ आम्ही विसरलोच होतो.

"मधी भोक ठिवून मी जात न्हाई," तात्या म्हणाले. "छाती उघडणार म्हनत्यात. उघडल्यावर मिटंलच असं कुणी सांगितलंय? माझ्या मागं तुमी ती वाकळ ट्रॅक्टरच्या शीटवर टाकणार."

"टाकणार न्हाई हो," सासूबाई म्हणाल्या.

"टाकणार. तुला मी वळखतो."

समजावलं, रागावून बघितलं, डॉक्टरांशी फोनवर बोलायला दिलं. तात्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुमी आपरेशन मधीच सोडून चहाला जाता का?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ट्रंक उघडली. तात्यांचे हात आता थरथरत होते, सुईत दोरा जाईना. सासूबाईंना दिसत नव्हतं. राहिले मी. आता माझ्या शिवणाविषयी काय सांगावं? शाळेत शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल वर्गाला दाखवला होता, पण तो कसा शिवू नये हे कळावं म्हणून. तरी बसले. मधल्या चौकोनाभोवती धावदोऱ्याच्या काही फेऱ्या राहिल्या होत्या. तात्या खाटेवरून सूचना देत, "टाका लहान घे. लहान म्हंजे लहान. ही काय ढेकळं घालतीस?" मी माझ्या मते एकदम सरळ रेघेत जात होते. तेवढ्यात आत फोन वाजला, मी उठले, आणि अख्खी वाकळ माझ्यासोबत उठली. वाकळ हलू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांवर ठेवलेले तांबे गडगडले. मी वाकळेबरोबर माझी साडीही शिवून टाकली होती.

"सूनबाई," तात्या म्हणाले, "वाकळ घेऊन कुठं निघालीस?"

कळ आल्यापासून ते पहिल्यांदा हसले. मग छातीला हात लावून थांबले, आणि आमचंही हसू तिथंच थांबलं.

फेऱ्या झाल्या. मधला चौकोन राहिला. ह्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सुचवलं, "माझाच एखादा जुना शर्ट दे. त्याचा म्हणून सांगू. तात्यांना आता कुठं कळतंय?" पाप होतं, पण माणूस वाचत होता. मी ह्यांचा जुना शर्ट तात्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "भाऊजींनी पाठवलाय." तात्यांनी तो मांडीवर घेतला. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी दुसरीकडं बघितलं. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या पोटात गोष्ट राहिल्याचं मी कधी पाहिलेलं नाही, आणि ही तर त्यांना सांगितलीही नव्हती. "आवं, ह्यो थोरल्याचा हाय की," त्या म्हणाल्या. "गेल्या बेंदराला बैलं रंगवताना ह्यावर रंग सांडला हुता त्यानं."

तात्यांनी शर्ट घडी करून परत दिला.

मग मी सरळ भाऊजींना फोन लावला.

"वहिनी, मला सगळं कळलंय," ते म्हणाले. "हॉस्पिटल माझ्या घरापासून जवळ आहे. खोलीचं बघतो, रक्ताचं बघतो. माझाच गट जुळतो, मीच देतो."

"तुमचा एक जुना शर्ट पण द्या."



"ते सोडून काहीही सांगा."

"अहो भाऊजी, रक्त द्यायला तयार आहात आणि चिंधी द्यायला नाही?"

"रक्त त्यांनी माझ्या खोलीतून नेऊन कातरीनं कापलं नव्हतं, वहिनी."

हे सगळं घराणंच हट्टी आहे. एक माझे पती सोडून, असं लिहिणं मला भाग आहे, कारण हे लिखाण ते वाचतात.

शेवटी ह्यांनी तात्यांना मोघम सांगितलं, "सांगलीत गेल्यावर देतोय म्हणाला, बघू." त्या 'बघू'वर तात्या गाडीत बसले. मांडीवर वाकळ, वाकळेवर सुईची थैली. गाडी हे चालवत होते. मी पुढं, सासूबाई मागं तात्यांच्या शेजारी. कृष्णेच्या पुलावर आलो तेव्हा सासूबाईंनी नदीला हात जोडले. मीही जोडले, आणि मनात म्हटलं, त्या माणसाला एक चिंधी द्यायची बुद्धी दे.

हॉस्पिटलच्या फाटकाशी भाऊजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फायली. त्यांनी दार उघडलं.

"या तात्या. डॉक्टर वाट बघताहेत."

"कापड आणलंस?"

"तात्या, आधी आत चला."

"कापड?"

"नाही."

तात्यांनी आपल्या हातानं दार ओढून घेतलं. "गाडी वळव," ह्यांना म्हणाले.

ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिले. गाडी वळवली तर परत हा माणूस इथं येणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पाठीमागं कुणीतरी हॉर्न वाजवला. पहारेकरी आला, शेंगवाला आला.

"आरं दे की मुडद्या काहीतरी!" सासूबाई मागून ओरडल्या. स्वतःच्या मुलाला.

भाऊजींचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत सांगलीत कमावलेली शुद्ध भाषा एका क्षणात गळून पडली. "व्हय? चिंधी पायजे? घ्या मग! ह्यो घ्या, हितंच कापा!" असं म्हणत त्यांनी भररस्त्यात शर्टाची बटणं काढली आणि शर्ट खिडकीतून आत फेकला.

मी सुटकेचा श्वास घेतला. फार लवकर घेतला. तात्यांनी तो शर्ट उचलला, दोन बोटांत चोळला आणि खिडकीतून परत दिला.

"नवा हाय."

"अहो तात्या..." मी रडायच्या बेतात होते.

पण तात्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते भाऊजींकडं बघत होते. म्हणजे भाऊजींच्या अंगावर राहिलेल्या बनियनकडं. पाठीला, पोटावर बारीक बारीक भोकं, धुऊन धुऊन कापड इतकं विरलेलं की आतलं अंग दिसावं.

"बनियन कवाचा?"

भाऊजींनी खाली बघितलं. "लय जुना हाय. ही टाक टाक म्हणती. मी टाकत न्हाई."

"का?"

भाऊजी जरा घुटमळले. शेंगवाला ऐकत होता. "मऊ लागतो," ते म्हणाले.

तात्यांनी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि हात बाहेर काढला. 

"मी नेणार न्हाई," ते म्हणाले. "तुझा हाय. तू दिलास तर घीन."

 मागचा हॉर्नही थांबला होता. भाऊजींनी बनियन डोक्यावरून काढला, उघड्या अंगानं फाटकात उभं राहून त्याची नीट घडी केली आणि तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"शर्ट घाल आता," तात्या म्हणाले. "फौजेत असतास तर असं उघडं फिरल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या." आणि काठी टेकत खाली उतरले.

बनियनचं ठिगळ शिवणं किती अवघड असतं हे ज्यानं शिवलंय त्यालाच कळेल. ते ताणतं, पळतं, काठ गुंडाळून बसतात. वॉर्डात सुई चालणार नाही म्हणून नर्सनं मला बाहेरच्या बाकावर घालवलं. तिथं बसून ठिगळ लावलं, शेवटची गाठ मारली आणि आत नेऊन दाखवलं. चौकोन म्हणून घेतलेलं ते कापड फुगून वाटीसारखं झालं होतं. तात्यांनी त्यावरून हात फिरवला.

"वाकडं आलंय," मी म्हणाले. "उसवू का?"

"ऱ्हाऊ दे. त्योबी वाकडाच हाय."

मग त्यांनी डॉक्टरांच्या कागदावर सही केली. इंग्रजीत, फौजेतल्यासारखी, ठसठशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. आम्ही बाहेर. हे भिंतीवरची एकच पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. सासूबाई भडंगाच्या पुडीतला एक एक दाणा तोंडात टाकत होत्या आणि प्रत्येक दाण्याला देवाचं नाव घेत होत्या. भाऊजी फेऱ्या घालत होते, मैदानाला घालाव्यात तशा. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि म्हणाले, "छान झालं. म्हातारा घट्ट आहे." मला काय करावं ते सुचेना. मी डॉक्टरांनाच म्हणाले, "चहा घेणार का?" सासूबाई पेढे आणायला म्हणून गेल्या आणि घाईत शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मंडळींना वाटून मोकळ्या झाल्या. त्यांचा पेशंट अजून आतच होता, पण त्यांनीही घेतले. आमच्यापर्यंत पेढा पोचला नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

तात्यांना खोलीत आणलं तेव्हा जखमेवर वजन नको म्हणून वाकळ पांघरायला डॉक्टरांनी मनाई केली. ती पेशंटजवळच्या बाकावर पडून राहिली. भाऊजी घरी जायचं नाव घेत नव्हते. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ते त्या बाकावर गाढ झोपलेले, वाकळ कानापर्यंत ओढून घेतलेली. मे महिना होता. सांगलीतला मे महिना. कपाळावरून घाम वाहत होता. मी वाकळ काढायला पुढं झाले, तर तात्यांनी उशीवरून हात हलवून मला थांबवलं.

"उठवू नगंस," ते हळूच म्हणाले. "आन् तेवढा पंखा कमी कर. त्याला वारं लागंल."

मी पंखा कमी केला.